काळा पडदा



आमच्या बेळगावच्या पॅरिश ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर उबुंटू चालतं. रविवारच्या मिस्साची गीतं त्याच्यावरूनच पडद्यावर दाखवतो. ती सगळी मराठी गीतं आमच्या एका मावशींनी एका बोटाने, चष्मा सावरत टाइप केली होती. मावशी गेल्या वर्षी प्रभूघरी गेल्या. त्यांचं काम त्या एकाच हार्ड डिस्कवर होतं. दुसरी प्रत ठेवायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

प्रोजेक्टरवर व्हिडिओ अडखळत होता, म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी मी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर इंटरनेटवरून थेट उतरवून बसवला. मधे एक सूचना आली, ती न वाचता ‘येस’ दाबलं. रीस्टार्ट केलं आणि पडदा काळा. बाणसुद्धा दिसेना.

पहिला विचार आला, सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करू. सीडी शोधायलाही लागलो होतो. तेवढ्यात गायनवृंदातल्या एका मुलाला फोन लागला. तो म्हणाला, “काका, काही पुसू नका. आधी सांगा, बिघडण्याआधी तुम्ही शेवटचं काय केलंत?”

त्याच्या सांगण्यावरून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि नाव, पासवर्ड विचारला. यंत्र जिवंत होतं, फक्त त्याचं तोंड दिसत नव्हतं. पहिलं काम म्हणून मावशींचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. मग कुठे हात थरथरायचे थांबले.

कारणही सापडलं. मी ‘येस’ दाबलं तेव्हा इन्स्टॉलरने आधीचा ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर बंद केला होता. नव्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर मात्र स्वाक्षरी नव्हती. कॉम्प्युटरात सिक्युअर बूट सुरू होतं, म्हणून कर्नलने त्याला आत घेतलंच नाही. जुना गेला, नवा आला नाही. दारावरच्या राखणदाराची चूक नव्हती, घाई माझी होती.

मग उलट पावलांनी चाललो. तोच इन्स्टॉलर अनइन्स्टॉलच्या पर्यायाने चालवून नवा ड्रायव्हर काढला. नूव्होला अडवणारी फाइल काढली आणि इनिटरॅमएफएस अपडेट केलं. शेवटी उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातला, स्वाक्षरी असलेला ड्रायव्हर घेतला. रीस्टार्ट केलं. डेस्कटॉप आला, आणि मावशींची गीतंही.

त्या रात्री घरी जाताना त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून जाईना. पापकबुलीला जाण्याआधी आपण आत्मपरीक्षण करतो, तेव्हा हाच प्रश्न स्वतःला विचारतो ना? घरात अबोला धरला जातो, मन काळवंडतं, आणि आपण म्हणतो, सगळं संपलं, तोडून टाकू. बहुतेक वेळा संपलेलं नसतं. शेवटचं चुकीचं पाऊल कुठलं, ते नाव घेऊन ओळखायचं आणि तेवढंच मागे घ्यायचं.

आता गीतांच्या तीन प्रती आहेत. एक मावशींच्या लेकीकडे दिली. ती उघडून पाहताना ती काहीच बोलली नाही, फक्त पडद्यावरून हात फिरवला.

तुमच्या पॅरिशचीही अशी एकच प्रत असेल, तर या आठवड्यात दुसरी करून ठेवा.

प्रभू तुम्हां सर्वांना शांती देवो.