तलावाचा जमाखर्च

डलास येथे स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याने गेल्या दिवाळीत दूरध्वनीवरून विचारले, "काका, वाड्याच्या विक्रीतला माझा वाटा मिळाला तर घरामागे पोहण्याचा तलाव बांधीन म्हणतो. कोणता बांधू?" आम्ही पडलो मराठीचे एम. ए.; पोहणे शिकलो ते बडोद्यास दांडिया बाजारातल्या त्याच वाड्याच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. तथापि थोरल्या बंधूंच्या पश्चात घरात वडीलधारे आम्हीच, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसणे प्राप्त झाले.

त्याने तीन अंदाजपत्रके पाठविली. खड्ड्यात प्लास्टिकचे अस्तर ताणून बसविलेला तलाव 55,000 डॉलरांचा. कारखान्यात अखंड घडविलेले फायबरग्लासचे भांडे क्रेनने उतरवायचे, तो 75,000 चा. आणि सळ्यांच्या जाळीवर काँक्रीट फवारून हव्या त्या आकाराचा, तो 95,000 चा.

"स्वस्तातला घे म्हणावं," वहिनी म्हणाल्या.

आम्हीही तेच म्हटले असते. परंतु विहीर आठवली. ती पणजोबांनी एकदाच खणली, गाळ मात्र वडिलांना दर उन्हाळ्यात मजूर लावून काढावा लागे. तेव्हा आम्ही वीस वर्षांचा हिशेब मांडला. अस्तर सुमारे दहा वर्षांनी बदलावे लागते, आणि कुत्र्याच्या नखानेही ते फाटते. वीस वर्षांत दोन अस्तरे धरली, तर पहिल्या दोहोंतील 20,000 चे अंतर निम्म्यावर येते. काँक्रीटच्या खरखरीत पृष्ठभागाला शेवाळ चिकटते, गिलाव्यामुळे पाणी अल्कधर्मी होऊन आम्ल ओतत राहावे लागते, आणि दहा-पंधरा वर्षांनी गिलावाच नवा करावा लागतो. शिवाय डलासची जमीन आपल्या बडोद्यासारखीच काळी. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यापुढे काँक्रीटचा काय पाड! फायबरग्लास गुळगुळीत, त्यास औषधे कमी लागतात. मात्र तो तलाव अविचाराने रिकामा केल्यास खालचे भूजल अख्खे भांडे वर उचलते.

पंपाचे गणित आम्हांस फार आवडले. वेग निम्मा केला की वीज जवळजवळ अष्टमांश लागते; पाणी हळू फिरवावे, जास्त वेळ फिरवावे.

पण खरा आकडा निराळाच निघाला. पुतण्याच्या शेजाऱ्यास वीज, क्लोरीन, गाळणी व किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला सुमारे 2,000 डॉलर लागतात. वीस वर्षांचे 40,000 झाले, आणि ते तिन्ही अंदाजपत्रकांत कुठेच नव्हते. वाट्याची रक्कम खड्ड्यापुरतीच पुरणार होती. त्याच रकमेतून काही भाग येथे एकट्या राहणाऱ्या वहिनींच्या नावे ठेवावा, असे आमच्या मनात होते; ते बोलायला जीभ रेटेना. आम्ही फक्त आकडे कळविले.

आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. "काका, आईला पाण्यात पाय सोडून बसता येईल अशा रुंद पायऱ्या कोणत्या तलावाला होतात? ती सहा महिने इकडे राहील का, विचाराल?"

आमच्या कागदावर पायऱ्यांचा रकाना नव्हता. वहिनींना अजून विचारलेले नाही.