हमी

काही शब्द नुसते कानावर पडले तरी माणसाला धीर येतो. ‘हमी’ हा त्यांतलाच एक. हिवाळ्यात बाजारात संत्री घ्यायला जावे, तर विकणारी बाई एक फोड हातावर ठेवते आणि म्हणते, “गोड नाही निघाली त उद्या वापस आण.” झाली हमी! तिला ना कागद, ना शिक्का, ना मुदत. पण ती देणारी आणि घेणारी समोरासमोर उभ्या असतात आणि उद्याही त्याच जागी भेटणार असतात. तेवढ्या भरवशावर तो व्यवहार चालतो.

छापील हमीशी माझी गाठ पडली ती २०२४ च्या एप्रिलमध्ये. त्याआधीच्या दिवाळीत माझा दादा शारजाहून आला होता. तो तिथे वायरमनचे काम करतो. येताना त्याने माझ्यासाठी मोबाइल आणला. चौदाशे दिरहमांचा, म्हणजे आपल्या बत्तीस हजारांच्या घरातला. इतकी महाग वस्तू आमच्या घरात त्यापूर्वी आली होती ती फक्त म्हैस! खोक्यात एक घडीचे पत्रक होते. दादाने त्यावर बोट ठेवून सांगितले, “इंटरनॅशनल वॉरंटी आहे. बारा महिने. जगात कुठंही बिघडला त फुकट दुरुस्त.” आईने ते पत्रक सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले.

त्या फोनने मी सर्वांत आधी काय केले असेल, तर आजीच्या ओव्या उतरवून घेतल्या. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी हव्या होत्या, हे निमित्त. आमचे गाव भिवापूरकडचे. आजी म्हणाली, “बसून कशा येतीन वं ओव्या? खुंट्याले हात लागला पायजे.” मग पडवीत उपडे पडलेले जाते धुऊन मांडले, मूठमूठ ज्वारी घातली आणि आजीचा हात फिरू लागला. हात फिरला तसा गळा सुटला. पाच दिवसांत एकेचाळीस ध्वनिफिती झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आम्हांला वर्गात शिकवले होते. त्या ढिगात आपली एक मूठ, एवढाच माझा अभिमान. गावात फोनला बोलण्यापुरती रेंज मिळते, तीही चिंचेखाली उभे राहिले तर. त्यामुळे आजीचा आवाज त्या फोनमध्येच राहिला. फेब्रुवारीत आजी गेली.

आणि एप्रिलमध्ये फोन बंद पडू लागला. आपोआप मिटायचा, आपोआप उघडायचा, कंपनीचे चिन्ह दाखवून पुन्हा मिटायचा. आठवडाभरात तो त्या चिन्हापलीकडे जाईनासा झाला. पत्र्याच्या पेटीतले पत्रक निघाले आणि मी कंपनीच्या नागपुरातल्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात जाऊन उभी राहिले.

काउंटरवर माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिने खोक्यावरचा पंधरा आकडी क्रमांक संगणकात घातला. प्रत्येक मोबाइलला असा एक क्रमांक असतो. फोन चालू असेल तर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो पडद्यावर दिसतो. क्रमांक पाहून ती म्हणाली, “मॅडम, हा फोन इंडियाचा नाही.”

मी म्हटले, “पण मी आहे ना इंडियाची!”

ती हसली, पण संगणक हसला नाही. मग तिने समजावून सांगितले, ते असे. बहुतेक कंपन्यांची हमी ज्या देशात वा ज्या प्रदेशात फोन विकला गेला तेवढ्यापुरतीच असते. नाव एकच असले तरी निरनिराळ्या देशांत विकलेल्या फोनांचे पोट सारखे नसते. कुठे दोन सिमकार्डांची सोय, कुठे एकाची. ज्या लहरींवर फोन चालतो, त्यांचे पट्टेही थोडे वेगळे. म्हणून एका देशातला सुटा भाग दुसऱ्या देशात मिळेलच असे नाही. काही कंपन्या काही थोड्या नमुन्यांना खरोखर देशाबाहेरही हमी देतात. पण ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द विक्रेते त्याहून सढळ हाताने वापरतात. दादाचा फोन त्या थोड्यांत होता की नव्हता, हे त्या केंद्राला ठरवता येत नव्हते. “वर लिहा,” ती म्हणाली.

वर म्हणजे कुठे? आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी हा प्रश्न मनावर घेतला. ग्राहकाला तोंड आहे हे आपल्याकडे कुणी ठणकावून सांगितले असेल, तर ते १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी करणाऱ्या बिंदुमाधव जोशींनी, असे म्हणून सरांनी सुरुवात केली. पुढे ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचे शुल्क नाही. आणि त्याआधी १९१५ हा क्रमांक फिरवला, तर सरकारी मदतवाहिनीवर मराठीतही बोलता येते. “मात्र तुझा दुकानदार शारजाला आहे,” सर म्हणाले, “तेव्हा आधी कंपनीलाच लिही. अर्ज थोडक्यात लिही आणि तारखा घाल. रागावू नकोस.”

मी तसेच केले. दादाने तिकडून बिलाचा फोटो पाठवला, पासपोर्टवरच्या शिक्क्याचे पान पाठवले. चार पत्रे गेली, चार आली. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आले की आपला फोन हमीत बसतो, केंद्रात घेऊन जावे. वसतिगृहात मी मैत्रिणींना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने माझ्यापुढे एक छापील अर्ज ठेवला. एक पैसा लागणार नव्हता. फोनचा मुख्य बोर्ड बदलून मिळणार होता. फक्त शेवटच्या कलमाखाली सही हवी होती: फोनमधील माहिती नष्ट होईल व त्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

मी विचारले, “बोर्ड बदलायच्या आधी त्यातले काढून घेता येणार नाही?”

ती म्हणाली, साठवणीची चकती त्या बोर्डावरच डाख लावून बसवलेली असते. तिच्यातला मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली असते त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या चकतीत. बोर्ड गेला की दोन्ही गेले. फोन एकदा चालू झाला, तरच काही निघेल. पण इथे बोर्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतात. तसा नियम आहे. मी विचारले, बाहेर कुणी चालू करून दिला तर? “मग वॉरंटी गेली, मॅडम. सील तुटलं की आम्ही हात लावत नाही.” मग जरा थांबून, आजूबाजूला पाहून, ती हळूच म्हणाली, “काय आहे आत?” मी सांगितले. तिने तो अर्ज उलटा करून ठेवला. “आज नका सही करू,” ती म्हणाली. “घरी विचार करून या.”

त्या रात्री मला झोप आली नाही. एका बाजूला बत्तीस हजार रुपये, म्हणजे दादाच्या किती उन्हाळी पाळ्या, याचा हिशेब मला करवेना. ते पैसे सही करताच नव्या बोर्डाच्या रूपाने परत येणार होते. दुसऱ्या बाजूला जात्याची घरघर आणि तिच्यावर तरंगणारा एक थकलेला आवाज. त्या पत्रकाचा शब्दन् शब्द मी पुन्हा वाचला. त्यात पडद्याविषयी होते, बॅटरीविषयी होते, पाण्यात पडल्यास काय याविषयी होते. वस्तू आपण ज्यासाठी बाळगतो, त्याविषयी एक अक्षर नव्हते. कंपनी खोटे बोलली नव्हती. तिने वस्तूची हमी दिली होती आणि ती पाळायलाही तयार होती.

सकाळी मी सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत गेले. एका जिन्याखाली हातभर रुंदीचे दुकान. आत एक तरुण सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला. त्याने फोन उघडला, बोर्ड उलटसुलट पाहिला. “पावर आयसी बसली, ताई. गरम हवा मारून पाहतो. चालू झाला त झाला. गॅरंटी नाही देत मी.” माझ्या आयुष्यात कुणी इतके स्पष्ट बोलले नव्हते. मी म्हटले, “पाहा.”

दोन तासांनी फोन उघडला. त्याने लगेच तो संगणकाला जोडला आणि आम्ही दोघे श्वास रोखून आकडा वर चढताना पाहत राहिलो. सदतीस फिती उतरल्या आणि पडदा काळा झाला. त्याने आणखी तीनदा हवा मारली, चकती बदलून पाहिली. फोन पुन्हा उठला नाही. त्याने मजुरीचे पाचशे रुपये घेतले आणि राहिलेल्या चार फितींबद्दल माझ्याहून जास्त हळहळला. हमीचे पाच महिने अजून शिल्लक होते. ते त्या टेबलावर संपले.

वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क ग्राहकाला असावा, म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या दुरुस्तीची माहिती तिथे मिळावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण जिन्याखालच्या त्या कारागिराला जे येते ते अधिकृत काउंटरवर चालत नाही, आणि काउंटरवर जे चालते त्याने माझे काम होत नव्हते. हे दोघे एका टेबलाशी कधी बसतील का? परदेशातून कुणी प्रेमाने फोन आणणार असेल, तर हमी कोणत्या देशांत चालते, ती नागपुरात कोण पाळणार, आणि दुरुस्तीत आतल्या ऐवजाचे काय होणार, हे तिघे प्रश्न दुकानातच विचारून घ्यावेत, इतके मात्र मी आता कुणालाही सांगते.

दादाला मैत्रिणीच्या फोनवरून सारे कळवले. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटले, पैशांचे दुःख झाले असेल. मग त्याने विचारले, “माझं नाव घातलं होतं आजीनं, ते आलं का?” परगावी गेलेल्या नातवाची ती ओवी राहिलेल्या चारांत होती. मी तसे सांगितले. पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. दादा घसा खाकरला आणि त्याच्या त्या जाडसर, बेसूर आवाजात त्याने ती ओवी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. मध्ये एकदाही अडखळला नाही.

सदतीस फिती आता विभागाच्या संगणकावर आणि ग्रंथालयात आहेत. अडतिसावी नोंद कागदावर आहे. प्रकल्पाच्या तक्त्यात प्रत्येक ओवीपुढे तीन रकाने भरायचे असतात. तिच्यापुढे मी लिहिले: गाणारी, आजी. सांगणारा, दादा. ठिकाण, शारजा.