दमणगंगेच्या काठी, दमादमाने

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने वापी स्थानकावर उतरावे, पूर्वेचा रस्ता धरावा आणि दादरा ओलांडून अर्ध्यापाऊण तासात सिल्वासा गाठावे, असा आमच्या गावाचा सरळ मार्ग आहे. या थोड्याशा अंतरात आपण कितीदा सीमा ओलांडली, हे प्रवाशाच्या ध्यानीही येत नाही. वापी गुजरातेत, दादरा केंद्रशासित प्रदेशात, पुढची चिंचोळी पट्टी पुन्हा गुजरातेत आणि मग नगर हवेली. या पट्टीतून कोणी जावे व कोणी जाऊ नये, हा वाद पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला होता. सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला व सशस्त्र पोलिसांना नव्हता, असा निवाडा १२ एप्रिल १९६० रोजी झाला. तोवर २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होऊन जवळजवळ सहा वर्षे लोटली होती. त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकारही उतरला होता, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. आमचे वडील १९६२ साली जव्हारहून येथे शिक्षक म्हणून आले. तेव्हापासून आमच्या घराचा आणि या मातीचा ऋणानुबंध आहे.

एवढा इतिहास सांगितला तो वाटेच्या निमित्ताने. गेल्या हिवाळ्यात या गावच्या वाटा आम्ही नव्याने पाहिल्या, आणि त्याही अतिशय सावकाश. आमची थोरली मुलगी बडोद्याच्या सासरहून पहिल्या बाळंतपणासाठी दिवाळीनंतर माहेरी आली. तिला सातवा लागला होता. तिला धावण्याचा नाद आहे. पहाटे कमाटीबागेत धावायचे आणि मग कचेरी गाठायची, हा तिचा सहा-सात वर्षांचा परिपाठ. एकवीस किलोमीटरांची शर्यतही तिने दोनदा पुरी केली आहे. माहेरी आली तरी पहाटे बूट घालून ती बाहेर पडे, आणि आम्ही नदीकाठी पोहोचण्यापूर्वीच परतताना भेटून, हात हलवून पुढे जाई. बापलेकींचे सहभ्रमण म्हणून जे म्हणतात, ते आमच्या वाट्याला असे क्षणभरच येत असे.

दिवस राहिले तरी तिने धावणे एकदम सोडले नाही. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सारे तपासून परवानगी दिली होती. किलोमीटरला सहा मिनिटे लागत, ती चौथ्या महिन्यात सात आणि पाचव्यात आठ झाली. सहाव्यात थोडे धावणे आणि पुष्कळ चालणे, अशी सरमिसळ सुरू झाली. सिल्वाशाला आली तेव्हा चालण्यावरच भर होता. मध्येच विजेच्या दोन खांबांमधले अंतर हलकेच धावायचे आणि पुन्हा चालीवर यायचे.

घरात अर्थातच मतभेद झाले. आमच्या मातोश्रींचे वय ८२. ‘दोन जिवांची बाई रस्त्याने धावते, हे आमच्या पाहण्यात नाही,’ असे त्यांनी बजावले. नात म्हणाली, ‘आजी, तूच सांगतेस ना, नवव्या महिन्यातही विहिरीवरून दोन-दोन हंडे आणत होतीस म्हणून?’ त्यावर मातोश्री शांतपणे म्हणाल्या, ‘पाण्याला जाणं निराळं. ते कुणी हौसेनं करत नाही.’ या उत्तराचा विचार आम्ही पुढे पुष्कळ दिवस करीत होतो.

शास्त्राचे मतही या बाबतीत एका जागी राहिलेले नाही. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या मान्यवर संस्थेने १९८५ साली असा दंडक घातला होता की, गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा अधिक होऊ नये. १९९४ मध्ये नाडीची ती मर्यादा त्याच संस्थेने काढून टाकली. पुढे २०२० मध्ये तिने आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही असे सांगितले की, प्रकृतीत काही अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यातून एकंदर १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणे हितकर आहे. जिला आधीपासून धावण्याची सवय आहे, तिने वैद्यकीय सल्ल्याने धावणे चालू ठेवण्यास हरकत नाही. ज्यांनी पूर्वी कधी धावले नाही, त्यांनी याच काळात त्याचा आरंभ करावा असा मात्र याचा अर्थ नव्हे.

मग गती का उतरते? येथील डॉक्टर बाईंनी ते आम्हाला नीट समजावून दिले. गरोदरपणात शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते, स्वस्थ बसले असतानाही नाडी जलद चालते, श्वास लवकर लागतो. सांध्यांचे बंध सैल पडतात, पोटाचा भार पुढे आल्याने तोल बदलतो आणि ठेच लागण्याचा संभव वाढतो. म्हणजे जुन्याच वेगाने गेले तरी शरीराला श्रम अधिक पडतात. तेव्हा घड्याळ पाहू नये, बोलून पाहावे. चालता-धावता सहज बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की गती उतरवावी. उन्हात व उकाड्यात जाऊ नये, पाणी जवळ ठेवावे. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, पोटरी सुजून दुखणे किंवा ठराविक अंतराने पोटात कळा येणे, यांपैकी काही झाले तर तेथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. वार खाली असलेल्या, रक्तदाबाचा विकार जडलेल्या, दिवस भरण्यापूर्वी प्रसूतीची भीती असलेल्या किंवा रक्त फार कमी असलेल्या स्त्रियांसाठी हा व्यायाम नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मातोश्री पडद्याआडून ऐकत होत्या. त्यांचा विरोध त्या दिवशी निम्मा झाला. उरलेला निम्मा त्यांनी बाळंतपणापर्यंत राखून ठेवला.

अशा रीतीने आमची मुलगी आमच्या चालीवर आली. उजाडता उजाडता आम्ही दोघे निघत असू. गावातला रस्ता संपवून नरोलीकडे जाणाऱ्या पुलापर्यंत जायचे, दमणगंगेकडे पाहत थोडे थांबायचे आणि परत फिरायचे. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी मधुबनच्या धरणात अडते आणि आमच्या गावावरून दमणला समुद्राकडे जाते. पावसाळ्यात तिचे रूप धडकी भरवणारे असते, पण मार्गशीर्षात ती खडकांतून वाट काढीत संथ चालते. थंडीच्या दिवसांत पाण्यावर धुके असते आणि पलीकडच्या कारखान्यांचे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसतात. या गावात आमचा जन्म गेला. तथापि कोणत्या वळणावर सीताफळाचे झाड आहे आणि कोणत्या घरापुढे वारली बाई पहाटे शेण सारवते, हे मुलगी दाखवी तेव्हा आम्ही पाहत असू. तीही म्हणे, ‘बाबा, इतकी वर्षं या रस्त्यानं धावले, पण हे झाड नव्हतं इथं!’

सगळे दिवस असे प्रसन्न होते असे मात्र नाही. एके सकाळी ती पुलाच्या अलीकडेच थांबली आणि कठड्याला टेकून म्हणाली, ‘कालपेक्षा तीन खांब कमी झाले.’ तिच्या डोळ्यांत पाणी होते. ज्याला आपल्या पायांवर विश्वास असतो त्याला पाय जड होण्याचे दुःख काय असते, हे बैठ्या माणसाला सहज कळायचे नाही. आम्ही तिला अॅलिशिया मोंटॅन्यो या अमेरिकन धावपटूची हकिगत सांगितली. जून २०१४ मध्ये चौतीस आठवड्यांची गर्भवती असताना ती राष्ट्रीय स्पर्धेत आठशे मीटर धावली. तिचा सर्वोत्तम वेळ १ मिनिट ५७ सेकंदांचा, त्या दिवशी लागली २ मिनिटे ३२ सेकंद. ती सर्वांत शेवटी आली आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, ‘तिला टाळ्या मिळाल्या बाबा, मला इथं कुत्री भुंकतात.’ आणि हसली. त्या दिवशी आणखी एक खांब कमी करून आम्ही परतलो.

येथे मराठीच्या शिक्षकाला एक विषयांतर करू द्यावे. हिंदीत गर्भवतीचे पाऊल जड होते म्हणतात. आपण मराठीत ‘दिवस गेले’ किंवा ‘दिवस राहिले’ म्हणतो. हिंदीचे लक्ष पायांकडे, आपले दिवसांकडे. पुढे मात्र आपल्याकडेही ‘अवघडलेली’ हा शब्द येतो. त्यात शरीराची अडचण आहे, आणि ऐकणाऱ्याने तिला वाट करून द्यावी ही अपेक्षाही आहे.

ती वाट सर्वांना मिळते असे नाही. पौषाच्या आरंभी एका सकाळी मागून भरभर पावले वाजली आणि ‘सर, नमस्कार’ असे शब्द आले. आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी, वारली समाजातील. पाचवा-सहावा महिना असावा. हातात डबा, पायांत साध्या चपला. आमच्या मुलीकडे पाहून ओळखीचे हसली, पण थांबली नाही. ‘साडेसहाचा टेम्पो सुटेल सर. खाडा पडला की दिवसाचे पैसे जातात.’ आणि आमच्या देखत ती अक्षरशः धावत वळणाआड गेली. मुलगी बराच वेळ त्या वळणाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तिला कोणी विचारलं असेल का, बोलता येतं का म्हणून?’

पुढच्या रविवारी आम्ही खानवेलला गेलो. वीस किलोमीटरांचा हा रस्ता झाडांतून जातो, आणि साकरतोड नदीच्या काठी थंडीत फार शोभा असते. बाहेरगावचे पाहुणे तेथून पुढे दुधनीच्या जलाशयाकडे नौकाविहारास जातात. आम्ही नदीकाठी थोडे चाललो. समोरच्या टेकडीवरून दोन बाया लाकडांच्या मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्यांतली एक दिवसांत होती. डोक्यावर भार असूनही त्यांची चाल अशी होती की, आमच्या मुलीला तिच्या चांगल्या दिवसांतही ती चढणीवर साधली नसती. मातोश्रींचे वाक्य आम्हाला तेथे आठवले. याच डोंगरांच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. तिचे कौतुक करावे तितके थोडे. पण या पट्ट्यातील बहुतेक स्त्रियांच्या पायांतील वेग पदकासाठी नसतो, पाण्यासाठी, सरपणासाठी आणि टेम्पोसाठी असतो. आमच्या मुलीला डॉक्टर हालचाल करा म्हणतात तेव्हा ते योग्यच असते. या बायांना तेच वाक्य सांगणे हा शुद्ध अन्याय होईल. त्यांना विसावा हवा, पोटभर जेवण हवे, लोहाच्या गोळ्या हव्यात. या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली. गरोदरपणात ती तपासणी चुकवून चालत नाही.

आमच्या मुलीने मग आपला मार्ग आपणच काढला. रोज सव्वासहाला ती कोपऱ्यावर जाऊन उभी राही. ती मुलगी आली की दोघी टेम्पोच्या थांब्यापर्यंत बरोबर जात. अट एकच, की ती दहा मिनिटे आधी घरून निघेल आणि दोघी बोलत बोलत चालतील. काय बोलत ते आम्हाला कळत नसे. बापाने काही अंतर ठेवून चालावे असा संकेत होता. आम्ही आमच्याकडून एवढेच केले की, बारा महिन्यांत ८० दिवस काम भरले असेल तर प्रसूतिरजेचा हक्क पोहोचतो आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, हे तिला कागदावर लिहून दिले. हजेरीच्या चिठ्ठ्या जपून ठेव, असेही सांगितले. कंत्राटदाराकडून उत्तर काय आले, ते तिने दोन वेळा टाळले. तिसऱ्या वेळी आम्हीच तिच्या नवऱ्याबरोबर गेलो. पुष्कळ बोलणे झाले. बसून करावयाचे काम तिला मिळाले. रजेचे मात्र ‘पाहू’ या शब्दावर राहिले, आणि या शब्दाचा अर्थ शासकीय नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला निराळा सांगावा लागत नाही.

माघ सरता सरता आमची मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आदल्या दिवशी ती फाटकापर्यंत चालली होती. सहा आठवड्यांनी तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी बेताबेताने चालण्यास अनुमती दिली. धावण्याची घाई नको म्हणाल्या. मातोश्रींनी तेवढे वाक्य दोनदा म्हणवून घेतले.

ती विद्यार्थिनी चैत्रात सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. तिलाही मुलगीच. तिच्या रजेचा अर्ज आम्ही पुन्हा लिहून दिला आहे आणि एक प्रत श्रम कार्यालयात पोहोचती केली आहे. आमची मुलगी बडोद्याला परतली. फोनवर तिचा पहिला प्रश्न तिच्या मैत्रिणीविषयी असतो आणि दुसरा त्या अर्जाविषयी. सध्या पुलापर्यंत आम्ही एकटेच जातो. टेम्पो साडेसहालाच सुटतो.