शिक्का आयएसओचा, मतं कुणाची?

मंडळी, वर्डची फाईल सेव्ह केली की नावामागे 'डॉक्सएक्स' असं जे शेपूट लागतं ना, त्यामागे मोठं रामायण आहे. त्यातलं एक कांड आमच्या स्वीडनमध्ये घडलं. मी इथे पीएचडीला आलो त्याच्या बऱ्याच आधीची, २००७ची गोष्ट. पण जुने इंजिनिअर 'फिका' घेताना (कॉफी आणि दालचिनीचा बन, ह्या लोकांचं कुलदैवत!) अजून ती रंगवून सांगतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००६ मध्ये ओडीएफ या खुल्या फॉरमॅटला आयएसओची मान्यता मिळाली. त्याच्या आधीच, २००५ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कागदपत्रं खुल्या फॉरमॅटमध्येच हवीत असं धोरण जाहीर केलं होतं. सरकारी गिऱ्हाइकं हातची जाणार म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल पुढे केला. डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या संस्थेने तो मंजूर केला आणि तिथून तो 'फास्ट ट्रॅक'ने आयएसओकडे गेला. पानं किती? सुमारे सहा हजार! आणि वाचून मत द्यायला मुदत पाच महिने.

बरं, आत काय होतं? १९०० हे काही लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेल ते लीप धरतो. कारण त्याच्याआधीच्या लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती आणि तिथल्या फायली एक्सेलमध्ये चालायला हव्या होत्या. मसुद्यात ही चूक चक्क नियम म्हणून आली! आणखी एका ठिकाणी 'वर्ड ९५ सारखी जागा सोडा' अशी सूचना होती, पण वर्ड ९५ कशी जागा सोडायचा त्याचा पत्ता नाही. म्हणजे 'आजी घालायची तेवढं मीठ घाला' असं पाककृतीत लिहिण्यासारखंच.

आता स्वीडन. ऑगस्ट २००७ मध्ये इथल्या मानक संस्थेच्या समितीत मतदानाच्या तोंडावर वीसहून अधिक नव्या कंपन्या फी भरून सभासद झाल्या. बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या पार्टनर. पारडं फिरलं, बाजूने कौल गेला. मग बाहेर आलं की कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने पार्टनर्सना पत्र लिहून, सभासद व्हा, मत द्या, मार्केटिंगसाठी मदत मिळेल, असं सुचवलं होतं. कंपनीने पत्राची कबुली दिली, पण ती कर्मचाऱ्याची चूक होती आणि पत्र लगेच मागे घेतलं असंही सांगितलं. शेवटी मतदान रद्द झालं, पण कशामुळे? एका सभासदाने दोनदा मत दिलं म्हणून! फी भरून आयत्या वेळी येणं नियमातच बसत होतं.

मला खरी बोचणी ह्याचीच आहे.

सप्टेंबर २००७ मध्ये आयएसओत मसुदा पडला. पूर्ण सभासद देशांपैकी दोन तृतीयांश होकार हवा होता, मिळाला ५३ टक्के. त्याआधी दहाएक देश अचानक पूर्ण सभासद झाले होते आणि नंतर त्यातले बरेच इतर विषयांवर मतच देईनात, त्यामुळे त्या उपसमितीचं नेहमीचं काम अडलं. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाला पाच दिवसांत हजारावर दुरुस्त्यांचा निकाल लावायचा होता. बहुतेकांवर चर्चा न होता घाऊक मतदान झालं. नॉर्वेत समितीतलं बहुमत विरोधात असूनही संस्थेने होकार कळवला आणि पुढे २३ पैकी १३ जणांनी राजीनामे दिले. शेवटी ७५ टक्के होकाराने मसुदा पास!

भारताने दोन्ही वेळा 'नाही' म्हटलं. इतकंच नव्हे, तर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलाबरोबर अपीलही केलं. ते ऑगस्ट २००८ मध्ये फेटाळलं गेलं. अर्थात दुसऱ्या बाजूला आयबीएम काही भजनं गात बसली नव्हती. तिचंही लॉबिंग जोरात होतं.

गंमत पुढेच आहे. मानकाचे दोन प्रकार झाले, काटेकोर आणि जुन्या सवयी सांभाळणारा. काटेकोर प्रकारात सेव्ह करायची सोय ऑफिसमध्ये आली ती २०१३च्या आवृत्तीत, आणि आजही आपोआप सेव्ह होतो तो दुसराच. जिनिव्हातल्या बैठकीचे अध्यक्ष अ‍ॅलेक्स ब्राऊन यांनीच २०१० मध्ये ह्या दिरंगाईवर जाहीर टीका केली होती.

तुम्ही म्हणाल, फाईल उघडते ना, मग झालं! पण आपण मराठी माणसांनी तरी असं म्हणू नये. युनिकोडच्या आधी ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आज उघडून बघा. माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर गावाच्या आठवणी टाईप केल्या होत्या, शंभरेक पानं. फाईल शाबूत आहे, पण तो फॉन्ट नाही. त्यामुळे पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि टिंबं दिसतात. अक्षरं कशी साठवायची हे एकट्यादुकट्या दुकानदाराने ठरवलं की असं होतं.

आता कामानिमित्त मीही एका मानक समितीवर बसतो. विषय वेगळा आणि रटाळ, माणसं सज्जन. पण सगळा मसुदा वाचून येणारे दोन-तीनच असतात. मत मात्र प्रत्येकाला एक. कुणी पन्नास खुर्च्या भरायच्या ठरवल्या, तर त्या दोघा-तिघांच्या वाचण्याला काय किंमत उरेल? म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आयत्या वेळी आलेल्याला बसू द्या, बोलू द्या, पण मताचा हक्क सहा महिने काम केल्यावर द्या. आपल्याकडे हाऊसिंग सोसायटीतसुद्धा कालच्या भाडेकरूला मत नसतं!