आकाशातला पाऊण तास

पाऊण तासात मुंबईहून शिर्डी! विमानाचा हा हिशेब ऐकला, की सुट्टीचा बेत आखणारे घर कसे खूश होते! आजीचे गुडघे, धाकट्याला गाडी लागणे, रात्रीचे जागरण, साऱ्या अडचणी एका तिकिटात मिटल्यासारख्या वाटतात. पण तिकीट काढण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे, हे बरे.

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही. तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर, शिर्डीपासून चौदा-पंधरा किलोमीटरांवर. साईबाबांच्या समाधीला शंभर वर्षे पुरी होत आली असताना, १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

आता शाळेतले त्रैराशिक मांडू. मुंबई ते काकडी हवाई अंतर सुमारे १७० किलोमीटर. लहान पंख्याचे विमान तासाला ५०० किलोमीटर जाते. म्हणजे वीस मिनिटे पुरी व्हावीत! मग पाऊण तास का? धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, पुन्हा खाली येणे, यांतच निम्मा वेळ जातो. हैदराबाद येथून सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट दूर. पण वेळ तिप्पट नाही, सव्वा तासाच्या आसपासच. विमानाला जवळचा पल्ला मानवत नाही.

याखेरीज घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, तेथे दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि काकडीहून शिर्डीपर्यंत मोटार. बेरीज पाच तासांच्या पुढे जाते! १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी वंदे भारत गाडी बोरीबंदराहून साईनगर शिर्डीला साडेपाच तासांच्या आतच पोचवते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मोटारवाल्यांना कसाऱ्याचा घाटही चुकवता येतो.

खरी गंमत जिल्ह्याच्या गावाची. नगरहून (आता अहिल्यानगर म्हणावयाचे) काकडी सुमारे ऐंशी किलोमीटर. हैदराबादचा प्रवासी आकाशातून येतो, तेवढ्या वेळात नगरकर आपल्याच जिल्ह्यातल्या विमानतळावर पोचला तर नशीब!

प्रवासाचा वेळ वेगात कमी आणि सांध्यांत अधिक जातो, हे काही आजचे नाही. 'श्रीसाईसच्चरित'कार गोविंद रघुनाथ दाभोलकर पहिल्यांदा शिर्डीला निघाले, ते दादरला उतरून मनमाडची गाडी धरण्याच्या बेताने. दादरला मेल थांबत नाही, थेट बोरीबंदर गाठा, असे डब्यात आलेल्या एका मुसलमान गृहस्थाने सांगितले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिर्डीस पोचू शकले. मेल तिच्या वेगाने धावणारच होती. प्रश्न होता तो दादरच्या फलाटाचा.

विमान वाईट, असे मुळीच नाही. हैदराबादच्या आजीची अख्खी रात्र त्याने वाचते, आणि तिला ते स्वस्तच पडले. मुंबईच्या आजीचे गणित मात्र निराळे. तिला ताशी वेग विचारीत नाहीत. तिचे गुडघे विचारतात, किती वेळा चढायचे आणि किती वेळा उतरायचे? ज्या वाटेवर हा आकडा सर्वांत लहान, तीच तिच्यासाठी शिर्डीची सर्वांत जवळची वाट.