हिच्या पगाराची ओळ

५ जानेवारी २०२५, रविवार

मिरज. सतारमेकर गल्ली. चाचांनी आज पहिल्यांदा कानस हातात दिली. टाकाऊ घोडी होती, तारा जिच्यावर टेकतात ती, उंटाच्या हाडाची. जवारीसाठी, म्हणजे आवाज खुलावा म्हणून, चार हात फिरवले. तार छेडली. आवाज मेलेला.

"जास्त गेलं," एवढंच म्हणाले.

कारखान्यात सत्तावीस वर्षं मायक्रॉन मोजतोय. इथे माप नाही. कान आहे.

बसमध्ये बोटांना हाडाच्या भुकटीचा वास येत होता. धुवावासा वाटला नाही.

६ जानेवारी

वहीत मांडलं.

ग्रॅच्युइटी : बेसिक आणि डीए ३४,०००. भागिले २६, गुणिले १५, गुणिले २७ वर्षं. ५,२९,६१५. वर्षभराचा खर्च म्हणून बाजूला.

पीएफ : ३१ लाख. त्यातले २० पोस्टात, ज्येष्ठ नागरिक योजनेत. ती साठीनंतरची, पण पंचावन्न पूर्ण आणि नोकरीतून निवृत्त असलो, तर निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवता येतात. ८.२ टक्के. तिमाही ४१,०००. म्हणजे महिना १३,६६६. लेकीच्या शिक्षणाचे ६ लाख. उरलेल्या ५ लाखांना हात नाही.

ईपीएस पेन्शन : ५८ ला. आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी. घ्यायची नाही.

खर्च : महिना ३६,५००.

मिरजेची मिळकत : शून्य धरायची.

हिचा पगार : पूर्ण.

जमतंय. दोनदा बेरीज केली. ९ मार्चला पंचावन्न होतील. त्याआधी राजीनामा नाही.

९ जानेवारी

तीनला जाग आली. २०१९ चा पूर आठवला. तेव्हा एफडी मोडून घर उभं केलं होतं. पुन्हा पाणी आलं तर तेच ५ लाख.

१४ जानेवारी

संक्रांत. मेव्हणे म्हणाले, "या वयात शिकाऊ?" लेकीचा पुण्याहून फोन. "बाबा, तुम्ही कराच."

आईने हातावर तिळगूळ ठेवला. "मग पगार कोण आणणार?"

ही चहा टाकायला आत गेली.

२२ जानेवारी

मेडिक्लेम विसरलो होतो.

कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. मला साखर. कोरी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेतली तर ग्रुपमधली वर्षं धरली जातात. म्हणजे आधी हा अर्ज, मग राजीनामा. क्रम चुकवायचा नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून ठेवलं.

दोघांचा वर्षाचा हप्ता ४६,२००. खर्च आता महिना ४०,३५०.

२ फेब्रुवारी

माळ्यावर भोपळे सुकत टांगलेत. पंढरपूरकडचे. चाचा एकेक उतरवून बोटाने वाजवतात, कानाजवळ धरतात, परत टांगतात. दहांतला एक बाजूला काढला.

त्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारींना धार लावायचे. हत्यारांचे दिवस सरले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून मिरजेत तंतुवाद्यं बनायला लागली. पोलाद ओळखणारे हात लाकडावर आले. त्यांनाही किती रात्री झोप लागली नसेल.

विचारलं, "आता मोबाइलवर तानपुरा वाजतो. गिऱ्हाईक?"

"नवं कमी झालं. दुरुस्ती थांबत नाही. तार घोडी खाते. जवारी बसते. माणूस येतोच."

गेल्या वर्षी इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांचा धाकटा कुपवाडला सीएनसी चालवतो.

"तिकडं पीएफ आहे," म्हणाले.

११ फेब्रुवारी

साखर १७८. उपाशीपोटी.

१७ फेब्रुवारी

पीएफ नॉमिनेशनचा कागद शोधत होतो. हिची फाईल हाती आली.

टाइप केलेला अर्ज. मा. गटशिक्षणाधिकारी यांस, मुख्याध्यापकांमार्फत. विषय : स्वेच्छानिवृत्ती मिळणेबाबत. तारीख १२ जून २०२३. खाली हिची सही. आवक शिक्का नाही.

लेकीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच पावसाळ्यातला.

फाईल होती तशी ठेवली.

१८ फेब्रुवारी

हिची शाळा ३४ किलोमीटर. साडेआठची एसटी. गुडघ्याचा पट्टा कपाटाच्या दाराला आतून टांगलेला असतो. रोज दिसतो.

२० फेब्रुवारी

कारखान्यात एक जॉब दोनदा मोजला. दोन्ही वेळा वेगळं माप लिहिलं. सोबतच्या पोराने दाखवून दिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मिरजेला गेलो नाही.

दुपारी विचारलं. ही भाजी निवडत होती.

"वाचलात का?"

"हो."

"मग झालं तर."

"बोलली का नाहीस?"

"तुमची वही टेबलावरच असते. माझ्या पगाराची ओळ बघितली मी. 'पूर्ण' लिहिलंय." देठ बाजूला केले. "तुम्ही घ्या आधी. मी ओढते अठ्ठावन्नपर्यंत."

म्हणजे सहा वर्षं.

"सोडून काय करणार होतीस?"

बराच वेळ काही बोलली नाही.

"काही नाही हो. दुपारची झोपणार होते."

२४ फेब्रुवारी

हिच्या पगाराच्या ओळीवर रेघ मारली. महिन्याला २६,६८४ कमी पडतात.

वही मिटली.

९ मार्च

पंचावन्न. हिने पुरणपोळी केली. एक खाल्ली.

१२ मार्च

हिच्या शाळेत जाऊन आलो. सांगितलं नव्हतं. साडेआठचीच एसटी पकडली, मागे उभा राहिलो. तिला दिसलो नाही. फाट्यावर उतरून पुढे सव्वा किलोमीटर चालणं. मध्ये एकदा मैलाच्या दगडावर बसली. घड्याळ पाहिलं. उठली.

तसाच परत फिरलो.

२० मार्च

मिरज एमआयडीसीत एक वर्कशॉप. मापनाचं काम, आठवड्याला तीन दिवस. महिना २४,०००. मालक म्हणाले, पगारी नाही, कामाचं बिल द्या. सुट्टी नाही, विमा नाही. हो म्हणालो.

तरी २,६८४ कमी.

३० मार्च, गुढीपाडवा

चाचांना सांगितलं. रोज येणार होतो, तीनच दिवस जमेल.

कानस पुसत राहिले. "तीन दिवसांनी हात बसायला दुप्पट वर्षं लागतात, भाऊ."

"लागू देत."

"वय?"

"पंचावन्न."

"माझं एकाहत्तर. या."

३१ मार्च

मेडिक्लेमचं लेखी उत्तर आलं. वर्षं धरली. दुपारी राजीनामा दिला. क्रम बरोबर.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. मायक्रोमीटर कंपनीचा, खोक्यात ठेवून रजिस्टरवर सही केली. स्वतःचा व्हर्निअर तेवढा घरी आणला.

गेटवर पंचिंग करायला हात आपोआप वर गेला.

२९ मे

महिना संपत आला. खात्यात पगार नाही. माहीत होतं. तरी दोनदा पाहिलं.

१२ जून

पोस्टात २० लाख. काउंटरवरच्या मुलीने रक्कम मोठ्याने वाचली. मागच्या रांगेने माझ्याकडे पाहिलं. छाती धडधडत होती. सत्तावीस वर्षं एका पासबुकात.

१६ जून

शाळा सुरू. ही साडेआठच्या एसटीने गेली.

२९ जून

रात्री वही तिच्यापुढे ठेवली. पोस्ट. वर्कशॉप. ग्रॅच्युइटीची एफडी. तिने सगळं बोट ठेवून वाचलं. शिक्षिकेच्या नजरेने एक चूक काढली. आईच्या औषधांत इन्सुलिन धरलं नव्हतं. शोधलं. दूध, वीज, माझा पेट्रोल खर्च, असं करून तेवढेच काढले. आता मी मिरजेला बसनेच जायचं.

"अजून २,६८४ चं काय?"

"ते मिरजेने द्यायचे. नाही दिले तर एफडीतून. वर्षभर पुरतं. तोवर तुझी पेन्शन लागेल."

"आणि नाही लागली वेळेत?"

"मग वर्कशॉपचे तीनाचे पाच दिवस. माझे. तुझे नाहीत."

काही बोलली नाही. चष्मा काढून पुसला.

१ जुलै

हिने अर्ज दिला. जुना नाही, नवा टाइप केला. वीस वर्षांच्या वर सेवा, तीन महिन्यांची नोटीस. ३० सप्टेंबर शेवटचा दिवस. या वेळी पोचवर शिक्का आहे. घरी आल्यावर आधी तो दाखवला.

१७ ऑगस्ट

पाऊस. दमट हवेने गल्लीतली सगळी वाद्यं उतरलेली. रांगेत आठ तानपुरे.

खर्जाची पितळी तार. चार वेळा काढली, चार वेळा चढवली. कानस जेमतेम टेकवायची. दोरा तारेखालून सरकवत गेलो. पुढे. मागे. केसभर मागे.

आवाज उघडला. खोलीभर झाला.

चाचा पलीकडे दुसऱ्याचं काम करत होते. मान वर केली नाही. हात मात्र थांबला.

३१ ऑगस्ट

महिन्याचा हिशेब. चाचांनी ४,२०० दिले. जवारीचे आणि किरकोळ दुरुस्तीचे. पाकिटातच ठेवले. वहीत लिहिले.

२२ सप्टेंबर

आजपासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटी नाही. मूळ हप्ता तोच राहिला तर पुढच्या वर्षी ७,००० वाचतील. अजून बेरजेत धरत नाही.

३० सप्टेंबर

हिला शाळेत साडी आणि नारळ. पोरांनी वहीच्या पानांची फुलं केली होती. एसटीत सांडतील म्हणून डब्यात घालून आणली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाटावर कानस, व्हर्निअर, हिचा लाल पेन. हिने हळद-कुंकू वाहिलं. पेनाला दोनदा.

पोस्टाचे ४१,००० जमा. पहिला पूर्ण हप्ता.

वहीत नवं पान.

पोस्ट : १३,६६६.
वर्कशॉप : २४,०००.
मिरज : ४,२००.
हिचा पगार : ०.
हिची पेन्शन : सुरू होईपर्यंत धरायची नाही.

येणं ४१,८६६. जाणं ४०,३५०. उरतात १,५१६.

दुपारचे अडीच. ही झोपली आहे. चाचांनी सरावाला दिलेली घोडी समोर आहे. कानस लावली तर आवाज होईल.

उद्या.