ओळखीचं धान्य

ज्वारीच्या पिठाला वय असतं. गिरणीतून आलेला डबा त्याच दिवशी उघडला, की हाताला ऊब लागते आणि गोडसर, किंचित मातकट वास येतो. तो वास थोडेच दिवस टिकतो. पुढे पीठ जुनं होत जातं, त्याची विरी जाते. मग आधणाचं पाणी घाला, कितीही मळा, थापताना कडा फुटतात आणि परातीतून उचलताना भाकरी मोडते. आमच्या सासूबाई मंगळवेढ्याच्या, म्हणजे मालदांडी ज्वारीच्या माहेरच्या. तिथल्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांना त्या कागदाची गरज कधी पडली नाही. त्या चिमूटभर पीठ बोटांत चोळतात, हुंगतात आणि सांगतात, "हे थालीपिठाला ठेव. भाकरीला ताजं दळून आण."

आठवड्याला लागेल तेवढंच दळायचं, हा आमच्या घरातला खाण्याचा पहिला नियम. बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघाले.

जे अन्न जिवंत असतं, ते फार दिवस टिकत नाही. दाण्याच्या एका टोकाला अंकुर असतो, त्यात तेल असतं आणि दळल्यावर तेच तेल खवट होतं. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला, की मैदा उरतो, आणि तो महिनोन्महिने फडताळात राहतो. टिकाऊपणासाठी पहिला बळी जातो तो दाण्यातल्या सगळ्यात जित्या भागाचा. तांदळाचंही तेच. १८९०च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरांनी पाहिलं, की पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. बेरीबेरी या आजाराचा उलगडा तिथून सुरू झाला. पुढे त्या कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व सापडलं आणि १९२९ साली आयकमन नोबेलचे मानकरी ठरले. उखळात हातसडीचा तांदूळ कांडणाऱ्या बायांच्या घरी तो कोंडा दाण्याला बऱ्यापैकी चिकटून राहत होता.

म्हणून आमच्याकडे वाणसामान शक्यतो ओळखू येईल अशा रूपात येतं. अख्खी मटकी, अख्खे मसूर, सालासकट मूग, शेंगदाणे, धणे, गुळाची ढेप. पाकीट आलंच, तर त्यामागची बारीक अक्षरं वाचायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत दिसली, की ते पाकीट दुकानातच ठेवायचं. आणि त्या यादीतली किती नावं आपल्या फोडणीच्या डब्यात किंवा फडताळात सापडतील, एवढं मुलांना विचारायचं. उत्तर त्यांचं त्यांनाच मिळतं.

बाजाराचं मात्र मला वेड आहे. जूनचा पहिला पाऊस झाला, की ठाण्याच्या बाजारात कडेला बसलेल्या आदिवासी बायांच्या पाटीत शेवळं दिसायला लागतात. मातीतून वर आलेले लांबट, टोकदार कोंब. वरचं आवरण सोललं, की आत जांभळट, पिवळसर दांडा. शेवळं खाजरी असतात, घशात बोचतात. म्हणून बाई जुडीबरोबर हिरवी, आवळ्यासारखी दिसणारी काकडं देते, आणि नवं गिऱ्हाईक असेल तर बजावून सांगते, की काकडांचा रस घातल्याशिवाय भाजी करू नका. विषावरचा उतारा त्याच रानात, त्याच आठवड्यात पिकलेला. मागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी येते आणि मग काटेरी, गुबगुबीत करटोली. थंडीत पावटा, ओला हरभरा, हुरडा. भोगीला वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, उसाचे करवे एकाच भाजीत, तिळाचं कूट लावून, आणि सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी. कोणत्या महिन्यात काय खावं याचं इतकं चोख वेळापत्रक पंचांगानं आणि पावसानं आधीच लावून दिलेलं आहे. ते पाळलं, की ताट आपोआप बदलत राहतं.

ओळखू येईल अशा रूपातल्या अन्नाकडे आता शास्त्रही बोट दाखवतं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी २००९मध्ये अन्नाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला सुचवलं: त्यात स्निग्धांश किती आणि साखर किती, यापेक्षा कारखान्यात त्याचं काय केलं गेलं ते बघा. २०१९मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही वेळा वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मीठ सारखंच होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातलं अन्न समोर असताना माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले. भाकरीला चावावं लागतं, उसळीला वेळ लागतो. तेवढ्यात पोट सांगतं, की पुरे.

पण मला जास्त भावली ती ब्राझीलची २०१४ची आहारविषयक मार्गदर्शिका. काय खावं यावरच ती थांबत नाही. शक्य तेव्हा सोबतीनं जेवा आणि स्वयंपाकाची कामं घरात वाटून घ्या, असंही ती सांगते. आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. निवडणं, चाळणं, भिजत घालणं, सोलणं, वाटणं, थापणं: सकस अन्न म्हणजे हाताचं काम, आणि पिढ्यान् पिढ्या हे हात एकाच बाईचे राहिले. नोकरीवरून सातला घरी आलेल्या बाईला 'पूर्वीसारखं खायला हवं' असं ऐकवणं हा अन्याय आहे. तिनं पाकीट फोडलं, तर दोष तिचा नाही. घरात चार माणसं आणि ओट्याशी एकच, अशा घरात कुठलाही आहार फार दिवस टिकणार नाही.

हात वाटले, की काम हलकं होतं. आमच्याकडे मटार आले, की सगळे एका कागदाभोवती बसतात. शेंग दाबल्यावर होणारा तो बारीक आवाज, ओलसर हिरवा वास, आणि पातेल्यात पडण्याआधी तोंडात जाणारे दाणे. जी पोरं ताटातला मटार बाजूला काढायची, तीच सोलताना मूठभर कच्चे खातात. ज्या अन्नाला आपला हात लागला, त्याला ती सहसा नाही म्हणत नाहीत.

आज रात्री दोन मुठी मटकी निवडून भिजत घाला. सकाळी पाणी काढून ती ओल्या फडक्यात बांधायचं काम घरातल्या धाकट्याला द्या आणि मोड आले का, ते त्यालाच बघू द्या. थंडीत अर्धा-एक दिवस जास्त लागेल. उसळ फोडणीला टाकायची ती बाबांनी. आणि या सगळ्याची आठवण त्या दिवशी आईनं कुणालाही करून द्यायची नाही.